घातलेले खाद्य माशाच्या अंगी किती लागते?

चैत्र संपता संपता चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील लहान तलावांचे पाणी आटत येते. पाळीच्या पायथ्याशी उरलेल्या डोहात शेवटचे जाळे ओढले जाते, मासळी टोपल्यांत भरली जाते आणि तराजूवर चढते. वर्षभराच्या कष्टाचा निकाल त्या एका क्षणी लागतो. कोणा संस्थेचा कटला किलोभर भरतो, तर शेजारच्याच गावी तेवढेच बीज सोडूनही मासा पावशेराच्या पुढे जात नाही. दोन्हीकडे पाणी पावसाचेच आणि बीजही एकाच केंद्रातले असते. खाद्याच्या पिशव्या तर दुसऱ्या गावाने पुष्कळदा अधिक रिचविलेल्या असतात. मग हे खाद्य गेले कोठे, हा प्रश्न तेथील सभासदांना पडतो आणि तो रास्त होय.

मत्स्यशेतीच्या चालू खर्चात खाद्याचा वाटा बहुधा निम्म्याहून अधिक असतो. म्हणून पाण्यात टाकलेल्या खाद्यापैकी माशाच्या अंगी किती लागले आणि वाया किती गेले, ह्यावरच नफातोटा ठरतो. शास्त्रज्ञांनी ह्या विषयाचा कसून अभ्यास केला आहे. त्या अभ्यासाचे सार आणि त्याचा ह्या दोन जिल्ह्यांतील तलावांस होणारा उपयोग पुढे दिला आहे.

तलावांचा मुलूख

वैनगंगेच्या खोऱ्यातील हा प्रदेश धानाचा आणि तलावांचा. गोंड राजांच्या काळात जो कोणी तलाव बांधील त्यास त्या तलावाखाली भिजणारी जमीन बहाल केली जाई, असे सांगितले जाते. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही ह्या भागांत त्यांच्या हातच्या पाळी आजही उभ्या आहेत. पुढे हे तलाव मालगुजारांकडे आले. १९५१ साली मालगुजारी नष्ट झाली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांस माजी मालगुजारी तलाव किंवा थोडक्यात मामा तलाव म्हणतात. घोडाझरी, नलेश्वर, आसोलामेंढा असे मोठे जलाशयही ह्याच मुलखात आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा निघाला, पण पाणी, धान आणि मासळी ह्यांचे नाते दोन्हीकडे सारखेच राहिले.

ह्या तलावांवर ढिवर, भोई, केवट ह्या समाजांतील हजारो कुटुंबांचे पोट आहे. बहुतेक ठिकाणी मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात. वनहक्क कायदा, २००६ अन्वये पाणवठ्यांतील मासळीवरील सामूहिक हक्कही मान्य झाला आहे. अनुसूचित क्षेत्रात लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतीकडे सोपविण्याची तरतूद १९९६ च्या कायद्याने केली आहे. हक्क हाती आला म्हणजे जबाबदारीही येते. गावाचे पाणी गावाच्या हाती असता त्यातील प्रत्येक पोते खाद्याचा हिशेब गावानेच ठेवावयास हवा.

संशोधनाची वाटचाल

माशांस खाद्य देण्याची कला आपल्याकडे नवी नाही. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. त्यात माशांचे प्रकार आणि त्यांचे खाद्य ह्यांचे वर्णन आलेले आहे. प्राणिशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा ह्यांनी १९५१ साली ह्या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. परंतु खाद्याचे मोजमाप करून वाढीचा हिशेब मांडणे हे काम अलीकडचे होय.

१९४७ साली गोड्या पाण्यातील मासळीच्या संशोधनासाठी केंद्रीय संस्था निघाली. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. के. एच. अलीकुन्ही ह्यांनी माशाच्या मस्तकातील पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून देशी कार्प माशांची पैदास बांधलेल्या पाण्यात करून दाखविली. तोपर्यंत बीजासाठी पुराच्या नदीवर अवलंबून राहावे लागे. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. १९७१ साली मिश्र मत्स्यसंवर्धनाचा अखिल भारतीय प्रकल्प सुरू झाला. योग्य जातींचे मिश्रण, खत आणि खाद्य ह्यांच्या जोरावर हेक्टरी काहीशे किलोंचे उत्पादन तीन टनांच्या पुढे नेता येते, हे त्या प्रकल्पाने दाखविले. पुढे भुवनेश्वरजवळील कौसल्यागंगा येथे गोड्या पाण्यातील मत्स्यशेतीची स्वतंत्र संस्था उभी राहिली. तेथे १९९२ पासून नॉर्वेच्या संशोधकांच्या सहकार्याने रोहूची निवड पद्धतीने पैदास करण्यात आली. दर पिढीस वाढीत सुमारे १७ टक्के सुधारणा मिळाली आणि स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ साली, ‘जयंती’ रोहू शेतकऱ्यांच्या हाती आला.

महाराष्ट्रात मुंबई येथील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१ साली स्थापन झाली. माशांच्या पोषणावरील तिचे काम प्रसिद्ध आहे. नागपूर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय असून विदर्भातील मत्स्यशेतकऱ्यांस ते जवळचे आहे.

माशाचे पोट आणि त्याचा स्वभाव

गाय, बैल किंवा कोंबडी ह्यांच्या खाद्याचे नियम माशास जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ह्याची तीन कारणे ध्यानात ठेवावीत.

पहिले असे की, मासा शीतरक्ताचा प्राणी आहे. शरीर ऊबदार ठेवण्यासाठी त्यास अन्न खर्चावे लागत नाही आणि पाणी अंगाचा भार तोलून धरते. म्हणून खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग तो वाढीकडे लावू शकतो. परंतु ह्याच कारणाने त्याची भूक पाण्याच्या उष्णतेवर अवलंबून असते. २५ ते ३२ अंश सेल्सियस उष्णतेच्या पाण्यात कार्प जातीचे मासे भराभर वाढतात. पाणी २० अंशांच्या खाली उतरले की ते मंदावतात. पौष-माघातील कडाक्याच्या थंडीत भाद्रपदाइतकेच खाद्य टाकणारा मत्स्यसंवर्धक आपले पैसे चिखलात पुरीत असतो.

दुसरे असे की, कटला, रोहू व मृगळ ह्यांस खरे जठर नसते. अन्न घशातून थेट लांबलचक आतड्यात उतरते. एका वेळी पुष्कळ अन्न साठवून सावकाश पचविण्याची सोय त्यांच्याजवळ नाही. म्हणून दिवसाचे खाद्य एकदम न टाकता दोन वेळा विभागून दिले तर ते अधिक अंगी लागते.

तिसरे असे की, मासा प्रथिनांचा भुकेला आहे. बोटुकलीच्या अवस्थेत त्याच्या आहारात सुमारे ३० ते ३५ टक्के आणि पुढील वाढीच्या काळात सुमारे २५ ते ३० टक्के प्रथिने असावी लागतात. गरजेपेक्षा जास्त प्रथिने दिली तर मासा ती जाळून शक्ती मिळवितो आणि त्यातील नत्र अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. अमोनिया साठला की मासा खाणे सोडतो. अशा रीतीने महागडे खाद्यच वाढ खुंटविण्यास कारण होते.

तळ्याची स्वतःची शिदोरी

खाद्याचे पोते उघडण्यापूर्वी तळ्यात आधीच काय शिजते आहे ते पाहावे. सूर्यप्रकाश आणि पाण्यातील खतद्रव्ये ह्यांच्या योगाने सूक्ष्म वनस्पती म्हणजे वनस्पती प्लवंग वाढतात. त्यांवर सूक्ष्म प्राणी म्हणजे प्राणी प्लवंग जगतात. तळाशी कुजक्या पाल्यापाचोळ्यावर किडे, अळ्या व जीवाणू पोसले जातात. कटला वरच्या थरातील प्राणी प्लवंग, रोहू मधल्या थरातील खाद्य आणि मृगळ तळचा कुजका माल खातो. एकाच शेतात तूर, ज्वारी आणि मूग घ्यावेत तशीच ही योजना होय. ह्या तीन जाती ४:३:३ ह्या प्रमाणात सोडण्याची शिफारस सर्वत्र केली जाते. मात्र तलाव उथळ असेल तर कटल्याचे प्रमाण उतरवावे, कारण त्यास मोकळे व खोल पाणी मानवते.

प्राणी प्लवंगांच्या कोरड्या वजनात निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. इतके उत्तम खाद्य बाजारात क्वचितच मिळेल आणि तळे ते फुकट देते. त्यासाठी पाण्यात चुना व शेणखत घालून प्लवंगांची जोपासना करावी लागते. हेक्टरी सुमारे २०० ते ५०० किलो चुना मातीच्या आम्लतेप्रमाणे आणि वर्षाकाठी १० ते १५ टन शेणखत हप्त्याहप्त्याने द्यावे. पाणी तयार झाले की नाही हे पाहण्याची सोपी रीत अशी: हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवावा. तळहात दिसेनासा झाला आणि पाण्याचा रंग पोपटी किंवा तपकिरी असला तर प्लवंग पुरेसे आहेत. तळहात स्वच्छ दिसला तर खत कमी पडले. मनगटही दिसेनासे झाले तर खत व खाद्य दोन्ही थांबवावीत. पाणी मातीने गढूळ असेल तर मात्र ही परीक्षा खरी ठरत नाही.

संशोधनातून निघालेली एक महत्त्वाची गोष्ट अशी की, तळ्याची ही शिदोरी काही मर्यादेपर्यंतच पुरते. मासे लहान असतात तेव्हा त्यांचे एकूण वजन थोडे असते आणि नैसर्गिक खाद्य भरपूर असते. त्या काळात वरून महागडे प्रथिनयुक्त खाद्य देण्याने फारसे साधत नाही. शक्ती पुरविण्यासाठी थोडा कोंडा दिला तरी प्लवंगांतील प्रथिने वाढीच्या कामी येतात. मासे वाढत गेले, तळ्यातील त्यांचे एकूण वजन वाढले, म्हणजे एक वेळ अशी येते की शिदोरी अपुरी पडू लागते आणि वाढ एकाएकी मंदावते. पेंडीसह पुरते खाद्य देण्याची वेळ ती हीच. ही वेळ डोळ्यांना दिसत नाही. ती ओळखण्याचे एकच साधन आहे, ते म्हणजे तराजू.

महिन्याचे वजन

दर महिन्यास एकदा, सकाळच्या गार वेळी, फेकजाळ्याने तलावाच्या निरनिराळ्या भागांतून तीस-चाळीस मासे धरावेत. पाण्याने भरलेल्या बादलीत त्यांचे एकत्र वजन करावे, बादलीचे वजन वजा करावे आणि माशांच्या संख्येने भागावे. जातवार वजन केल्यास फारच उत्तम. मासे लगेच सोडून द्यावेत आणि आकडा वहीत टिपावा.

रीत समजावी म्हणून एक उदाहरण घेऊ. अर्ध्या हेक्टरच्या तळ्यात २,५०० बोटुकली सोडली आणि त्यांतील २,००० जगली असे धरले. सरासरी वजन २०० ग्रॅम भरले, तर तळ्यात एकूण ४०० किलो मासळी आहे. दर शंभर किलो मासळीस अडीच किलो ह्या हिशेबाने दररोज १० किलो खाद्य लागेल. तीस दिवसांत ३०० किलो खाद्य गेले. पुढच्या महिन्यात सरासरी वजन २८० ग्रॅम भरले तर प्रत्येक मासा ८० ग्रॅम वाढला, म्हणजे एकूण १६० किलोंची भर पडली. ३०० भागिले १६० केले असता सुमारे १.९ येतात. एक किलो मासा वाढविण्यास १.९ किलो खाद्य लागले, असा ह्याचा अर्थ. ह्यालाच खाद्य रूपांतराचे प्रमाण म्हणतात.

खाद्याचा भाव किलोस ३० रुपये धरला तर वरील हिशेबाने एक किलो वाढीमागे ५७ रुपये खाद्यावर पडतात. हेच प्रमाण ३ वर गेले तर ९० रुपये पडतात. मासळीचा भाव तोच राहिला तरी किलोमागे ३३ रुपये पाण्यात जातात. चांगल्या प्रतीच्या तरंगत्या गोळी खाद्याचे प्रमाण दीड ते दोनपर्यंत राखता येते. भुकटीच्या स्वरूपात फेकलेला कोंडा व पेंड ह्यांचे प्रमाण अडीच किंवा त्याहून अधिक होते, कारण त्यातील बराच भाग माशाच्या तोंडी लागण्यापूर्वीच तळाशी बसतो.

ह्यावर एक स्वस्त उपाय आंध्र प्रदेशातील मत्स्यशेतकऱ्यांनी रूढ केला आहे. ते पिशवीस खाली लहान भोके पाडून तीत खाद्य भरतात आणि पाण्यात रोवलेल्या बांबूस पिशवी बांधतात. मासे येऊन भोकांशी तोंड लावतात व हवे तेवढे खाद्य ओढून घेतात. बांबू आणि गोणपाट ह्या जिल्ह्यांत दुर्मिळ नाहीत. दोन-तीन तासांनी पिशवी वर काढून पाहिली की खाद्य उरले की संपले ते कळते. उरले तर दुसऱ्या दिवशी कमी करावे, पूर्ण संपले तर थोडे वाढवावे.

नत्राचा जमाखर्च

अंगी लागणे म्हणजे नेमके काय, हे नत्राच्या हिशेबाने स्पष्ट होते. प्रथिनांत साधारणपणे १६ टक्के नत्र असते. २५ टक्के प्रथिनांचे २५० किलो खाद्य दिले, तर त्यात साडेबासष्ट किलो प्रथिने, म्हणजेच १० किलो नत्र गेले. त्यातून १०० किलो मासळी वाढली असे धरू. माशाच्या अंगात सुमारे १६ टक्के प्रथिने असतात, म्हणजे १०० किलो मासळीत अडीच किलो नत्र जमा झाले. दहा किलोंपैकी केवळ अडीच किलो अंगी लागले आणि साडेसात किलो पाण्यात व गाळात राहिले.

हे प्रमाण कोणा आळशी मत्स्यसंवर्धकाचे नव्हे. जगभरच्या तळ्यांत घातलेल्या नत्राचा साधारण चौथा हिस्साच मासळीच्या रूपाने बाहेर निघतो, असे अभ्यासकांस आढळून आले आहे. उरलेल्या नत्राचा काही भाग प्लवंगांच्या वाटे पुन्हा माशाच्या पोटात जातो, काही हवेत उडतो आणि पुष्कळसा गाळात बसतो. साडेसात किलो नत्र म्हणजे सुमारे १६ किलो युरिया. त्यातला जो भाग गाळात बसतो तो उन्हाळ्यात उचलून धानाच्या बांधीत टाकणे म्हणजे माशाने न खाल्लेले खाद्य धानास खाऊ घालणेच होय. आपल्या पूर्वजांनी तलावाचा गाळ शेतावर नेण्याची जी रीत पाडली होती तिच्यामागे हेच शहाणपण होते. गाळ काढल्याने तलावाची खोलीही वाढते आणि पाणी दोन आठवडे अधिक टिकले तरी मासळीस त्याचा लाभ मिळतो.

कोंडा आणि पेंड

ब्रह्मपुरी, मूल, देसाईगंज ह्या भागांत भातगिरण्या पुष्कळ असल्याने भाताचा कोंडा हे येथील हाताशी असलेले खाद्य होय. त्यात सुमारे १२ टक्के प्रथिने असतात. भुईमुगाच्या पेंडीत सुमारे ४२ टक्के असतात. दोन्ही समभाग मिसळल्यास मिश्रणात २७ टक्क्यांच्या आसपास प्रथिने येतात आणि वाढत्या माशाची गरज भागते. दोन सावधगिऱ्या मात्र बाळगाव्यात. ताज्या कोंड्यातील तेल लवकर खवट होते, म्हणून तो पंधरवड्यापेक्षा अधिक साठवू नये. पेंड दमट जागी ठेवली तर तिला बुरशी लागते आणि त्या बुरशीचे विष माशाचे यकृत बिघडविते. बुरसलेली पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

कोंड्यात स्फुरद भरपूर असते, तरी मासा त्याचा फारच थोडा भाग वापरू शकतो, ही गोष्ट पुष्कळांस नवी वाटेल. वनस्पतीजन्य खाद्यातील बहुतेक स्फुरद फायटेट नावाच्या संयुगात कोंडलेले असते आणि ते मोकळे करणारे फायटेज हे पाचकद्रव्य माशाच्या आतड्यात पुरेसे नसते. चुना म्हणजे कॅल्शियम मासा कल्ल्यांवाटे पाण्यातून शोषून घेतो. स्फुरद मात्र त्यास खाद्यातूनच मिळवावे लागते. ते कमी पडले तर हाडे कमकुवत होतात आणि वाढ अडते. न पचलेले स्फुरद पाण्यात उतरून शेवाळ माजविते. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतील संशोधकांनी रोहूच्या पिलांच्या आहारात सूक्ष्मजीवांपासून मिळविलेले फायटेज व सायट्रिक आम्ल मिसळून पाहिले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगात हाडांतील खनिजांचा भरणा वाढल्याचे दिसून आले. आता फायटेज घातलेले तयार खाद्य बाजारात येते. घरी मिश्रण करणाऱ्यांनी कोंडा-पेंडीत खनिज मिश्रण शेकडा एक ते दोन किलो मिसळावे.

सहा-सात महिन्यांचे पाणी आणि खुंटवलेले बीज

ह्या मुलखातील लहान तलावांची खरी अडचण काळाची आहे. आषाढ-श्रावणात तलाव भरतो. आश्विनात धान निसवण्याच्या वेळी पाट सुटतात आणि पाणी निम्म्यावर येते. फाल्गुनानंतर डोह तेवढा उरतो. धानाचा शेतकरी पाणी मागतो, ढिवर बंधू पाणी राखावयास सांगतात, आणि दोघांचीही मागणी खरी असते. सहा-सात महिन्यांत इंचभर लांबीचे बीज किलोचे होणे कठीण आहे. शिवाय मरळीसारखे खादाड मासे त्यातील पुष्कळसे आधीच गिळून टाकतात.

ह्यावर संशोधनाने सुचविलेला मार्ग येथील परिस्थितीस फार सोयीचा आहे. पावसाळ्यात मिळालेले बीज पाणी टिकणाऱ्या एखाद्या लहान तळ्यात किंवा शेततळ्यात नेहमीपेक्षा बऱ्याच अधिक दाटीने ठेवावयाचे आणि त्यास जगण्यापुरते बेताचे खाद्य द्यावयाचे. दाटीमुळे व अर्धपोटी राहिल्यामुळे त्याची वाढ खुंटते. वर्षभरात ते ५० ते १०० ग्रॅमच्या आसपास राहते. पुढील पावसाळ्यात हेच बीज मोठ्या तलावात मोकळे सोडले की ते झपाट्याने वाढते. उपाशी गुरास हिरवे रान लागावे तसे ते अधिक खाते आणि खाल्लेले अन्न वाढीस लावते. मागे पडलेली वाढ भरून काढण्याच्या ह्या शक्तीस भरपाईची वाढ असे म्हणता येईल. अशा बीजाची मरही कमी होते, कारण ते मरळीच्या तोंडात सहज मावत नाही. मात्र अर्धपोटी ठेवणे म्हणजे उपाशी मारणे नव्हे. मोठ्या डोक्याचे व बारीक शेपटीकडचे मासे दिसू लागले तर बीज फार खंगले असे समजून खाद्य वाढवावे.

गावात एखादे बारमाही तळे असेल तर संस्थेने ते बीज राखण्यासाठी वेगळे ठेवावे. जूनअखेर बाहेरून बीज येण्याची वाट पाहण्याऐवजी स्वतःचे मोठे बीज पहिल्या पाण्याबरोबर सोडता येईल. एवढ्याने हाती असलेल्या सहा महिन्यांचा प्रत्येक दिवस वाढीच्या कामी येतो.

मोहाची पेंड: उपयोग आणि मर्यादा

बीज राखण्याच्या लहान तळ्यातील खादाड मासे काढण्यासाठी मोहाची पेंड उपयोगी पडते. मोहाच्या टोळाचे तेल काढल्यावर उरणाऱ्या ह्या पेंडीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. ते माशांस मारक ठरते. एक हेक्टर क्षेत्रात मीटरभर पाणी असेल तर सुमारे २,५०० किलो पेंड भिजवून पसरावी लागते. तीन आठवड्यांत विष उतरते आणि पेंड कुजून उत्तम खत बनते. त्यानंतरच बीज सोडावे.

परंतु मोठ्या मामा तलावात हा उपाय कदापि करू नये. तेथील मरळ, मागूर व इतर देशी मासे हे गरीब घरांचे रोजचे अन्न आहेत आणि त्यांस बाजारात भावही चांगला मिळतो. एकदा नष्ट झालेला देशी वाण परत आणणे कठीण असते. मोठ्या तलावात खादाड माशांचा बंदोबस्त जाळ्याने आणि मोठे बीज सोडूनच करावा. सायप्रिनस सोडतानाही विचार करावा. हा मासा भराभर वाढतो खरा, पण तळ उकरण्याच्या सवयीने मातीची पाळ पोखरतो आणि पाणी गढूळ करतो.

खाद्य केव्हा थांबवावे

आभाळ दाटून आले असता, वारा पडला असता आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसले असता त्या दिवशी खाद्य देऊ नये. रात्री प्लवंगही प्राणवायू वापरतात, म्हणून सूर्योदयापूर्वी पाण्यात तो सर्वांत कमी असतो. अशा वेळी कुजणारे खाद्य उरलासुरला प्राणवायूही ओढून घेते आणि एका रात्रीत वर्षाचे उत्पन्न पालथे पडते. मासे असे दिसताच ताजे पाणी सोडावे किंवा बांबूने पाणी ढवळावे आणि खत काही दिवस बंद ठेवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ह्या कामी एक गोष्ट आवर्जून करावी. प्रत्येक संस्थेस एक वही व एक तराजू ह्यांची सवय लावावी. वहीत चारच रकाने असावेत: तारीख, दिलेले खाद्य, माशाचे सरासरी वजन आणि पाण्याची खोली. पहिल्या वर्षी ही वही जड वाटेल. दुसऱ्या वर्षी तीच सांगू लागेल की कोणत्या महिन्यात खाद्य वाया गेले आणि कोणत्या महिन्यात मासा उपाशी राहिला. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ ह्याहून निराळे काही करीत नाही. तोही खाद्य मोजतो, मासा मोजतो आणि दोहोंची तुलना करतो.

पुढील वैशाखात जाळे ओढले जाईल तेव्हा तराजूवरील काटा कोणासही चकित करणार नाही. तो काय दाखविणार, हे वहीने आधीच सांगितलेले असेल.